ओरिएंटलची सारणी

विमागणिताच्या वर्गात मी सुरुवातीला सूत्रं शिकवतच नाही. मृत्युसारणी फळ्यावर लिहिते आणि विचारते, यातली माणसं कोण? मुंबईत ही विद्या रुजली ती याच प्रश्नापायी, असं मी मानते.

1818 साली कलकत्त्यात आयुर्विम्याची कंपनी निघाली ती युरोपियनांसाठी. पुढे कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवू लागल्या, पण जादा हप्ता लावून. तो लवकर मरणार हे धरूनच चाललेलं. 1870 मध्ये बॉम्बे म्युच्युअलने हा भेद मोडला, 1874 मध्ये मुंबईतच ओरिएंटल उभी राहिली आणि तिच्या दप्तरात आपल्या माणसांची जन्म-मृत्यूची नोंद साठत गेली.

या नोंदींतून 1925 ते 1935 च्या अनुभवाची सारणी निघाली. असं काम फार चिकाटीचं. पस्तिशीचे किती विमेदार वहीत होते आणि छत्तिसावं लागण्याआधी त्यांतले किती गेले? मध्येच पॉलिसी सोडली, त्याचं वर्ष अपुरं धरायचं. मध्येच घेतली, त्याचंही. डॉक्टरच्या तपासणीतून नुकतेच पार झालेले काही वर्षं कमी मरतात, म्हणून त्यांना वेगळं काढायचं. मग वयागणिक वरखाली होणारे आकडे एका रेषेत आणायचे. एकेक आकडा म्हणजे कुणाच्या तरी घरचं सुतक, हे मी मुलांना दरवर्षी सांगते.

1912 च्या कायद्याने हप्त्यांच्या दरांना ॲक्च्युअरीचा, म्हणजे विमागणितज्ञाचा, दाखला सक्तीचा केला. पण ॲक्च्युअरी व्हायचं तर परीक्षा लंडनच्या संस्थेची. आपली संस्था मुंबईत 1944 मध्ये निघाली, तरी फेलोपर्यंतच्या स्वतःच्या परीक्षा सुरू व्हायला नव्वदीचं दशक उजाडलं. इतकी वर्षं आपली हुशार मुलं परक्या सारण्यांवर घोटत राहिली, याची मला खंत आहे.

1956 मध्ये 245 विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झालं. त्याचे हप्ते पुढे बरीच वर्षं ओरिएंटलच्याच सारणीवर बेतलेले होते. महामंडळाची स्वतःची सारणी 1970 ते 1973 च्या अनुभवावर बनली. मधल्या काळात मृत्युमान उतरलं होतं, म्हणजे हप्ते गरजेपेक्षा जास्त पडत होते. नफ्यात वाटा असलेल्यांना बोनसमधून काही परत मिळे, विनानफा पॉलिसीवाल्यांना तेही नाही. सारणी वेळेवर न बदलणं हा मला अन्याय वाटतो.

फळ्यावरच्या प्रश्नाला मुली बहुधा पटकन उत्तर देतात: पगारदार, शहरातले, आणि जवळपास सगळे पुरुष. गिरणीतल्या बाईचं किंवा कोरडवाहू शेतकऱ्याचं आयुष्य या सारणीत शोधूनही सापडायचं नाही.