नागपूरचे ठराव आणि हिंदू कोड

हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क 1955 साली मिळाला, असे वर्गात एका वाक्यात सांगून आपण पुढे जातो. मिळाला म्हणजे कुणीतरी दिला. तो मागितला कोणी, हा प्रश्न निघतच नाही.

20 जुलै 1942 रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषदेचे अधिवेशन भरले. ज्या अधिवेशनात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, त्याच दिवसांतली ही गोष्ट. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. समोर हजारो बाया बसल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तेथे भाषण झाले. पत्नीला काडीमोडीचा हक्क कायद्याने मिळावा, बहुपत्नीत्वाला कायद्याने आळा बसावा, असे ठराव झाले. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांना वर्षाला 21 दिवस किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई आणि पेन्शन मिळावे, अशीही मागणी झाली.

येथे कुणी म्हणेल, आपल्या जातींत काडीमोड आणि पाट होतेच. मग कायदा कशाला? रूढी होती हे खरे. परंतु तिची किल्ली जातपंचायतीच्या हाती होती आणि पंचायतीत पुरुष बसत. नवरा दुसरी करी. पहिलीला ना नांदवी, ना मोकळी करी. रूढीने मिळते ती मेहेरबानी, कायद्याने मिळतो तो हक्क. ज्यांच्यातल्या बहुतेकींनी शाळेची पायरी पाहिली नव्हती, त्या बायांनी हा फरक ओळखला होता.

पुढे मुंबई प्रांताने 1946 मध्ये द्विभार्याप्रतिबंधक आणि 1947 मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. केंद्रात बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल लढवले. सनातन्यांच्या विरोधापुढे सरकारने ते सप्टेंबर 1951 मध्ये बाजूला ठेवले आणि बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तेच बिल तुकड्यातुकड्यांनी 1955 आणि 1956 मध्ये मंजूर झाले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध वाटा मिळायला महाराष्ट्रात 1994 आणि देशात 2005 साल उजाडावे लागले.

1955 च्या कायद्याने रूढीचा घटस्फोटही कायम ठेवला. त्यामुळे जातपंचायतीचे दार बंद झाले नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 साली वेगळा कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

आणखी एक गोष्ट. ज्या घरात सातबाराच नाही, तेथे लेकीला वाटा कशातला? तिची मिळकत म्हणजे तिचे दोन हात. म्हणून नागपूरच्या बायांनी काडीमोडीच्या जोडीला रजा आणि पेन्शन मागितले. विवाहाचा हक्क आणि मजुरीचा हक्क त्यांनी वेगळा केला नाही. तो पुढच्या चळवळींनी केला. स्त्रीमुक्तीवाल्यांना विडी कामगार बाई दूरची वाटली आणि आपल्या पुढाऱ्यांना घरातली बाई.

हा दोष आपलाही आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 साली काढले, तेव्हा कुठे या बायांची नावे आणि आठवणी एकत्र छापल्या गेल्या. तोवर सभांच्या वृत्तांतात त्या ‘महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’ एवढ्याच उरल्या होत्या.

आज नगरपालिकेचा झाडू कंत्राटदाराच्या हाताखाली आहे. तो धरणाऱ्या बाईला रजा आणि पेन्शन आहे का, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी विचारून पाहावे. ठराव 1942 चा आहे. अंमलबजावणी आपल्याकडे बाकी आहे.