गायतोंडे यांच्या शैलीचा शोध

चित्रकाराची शैली ही त्याला आरंभीच गवसते आणि पुढे तो तिला केवळ घोटीत राहतो, अशी आपली समजूत असते. वासुदेव गायतोंडे यांच्या बाबतीत नेमके उलट घडले. १९२४ साली नागपुरास जन्मलेले व १९४८ साली सर जे. जे. कलाशाळेची पदविका घेतलेले गायतोंडे प्रथम भारतीय लघुचित्रांच्या रंगरेषांवर लुब्ध होते. पुढे पॉल क्लीच्या चित्रांनी त्यांना ओढून घेतले. तेथेच ते थांबते, तर एक कुशल अनुयायी एवढीच त्यांची ओळख उरती. परंतु १९६० च्या सुमारास मानवाकृती गळाली, रेषाही मागे पडली. कुंचल्याऐवजी रूळ व सुरी हाती आली. थर द्यावा, त्यातला काही खरवडून काढावा, पुन्हा थर द्यावा! वर्षाकाठी जेमतेम पाचसहा चित्रे होत. उरलेला काळ चिंतनात जाई. ‘अमूर्त’ हे विशेषण त्यांना रुचत नसे. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत.

१९७२ साली ते दिल्लीस आले आणि निजामुद्दीनमध्ये राहू लागले. आम्ही दिल्लीकर मराठी मंडळी तेव्हा नाटके व गणेशोत्सव यांत दंग होतो. १९८४ च्या अपघाताने मोठे कॅनव्हास थांबले. कागदावर शाईची रेखाटने होऊ लागली. मागे पडलेली रेषा अशी परतली.

२०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा कोठे आम्ही त्यांचे निजामुद्दीनमधील घर कोणते, याची चौकशी करू लागलो. गायतोंडे २००१ सालीच निवर्तले होते.