विश्लेषण : बेटांवरील कीटकांचे ‘हॉटस्पॉट’ कसे शोधतात?

ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावर १९१८ मध्ये एक जहाज अडकले आणि त्यातून उंदीर उतरले. काही वर्षांतच तिथला हाताएवढा लांब काडीकिडा दिसेनासा झाला. तो नामशेष झाला असे सगळ्यांनी धरले. मात्र २००१ मध्ये तिथून २३ किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड या उभ्या सुळक्यावर, एका झुडपाखाली हेच २४ किडे सापडले. एका जातीचे अख्खे जग काही चौरस मीटरमध्ये मावले होते. अशा जागा वेळेत ओळखायच्या कशा, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे.

हॉटस्पॉट म्हणजे काय?

ही कल्पना नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये मांडली. आज जगात असे ३६ प्रदेश मानले जातात. आपला पश्चिम घाट श्रीलंकेसह त्यात आहे. या यादीत येण्यासाठी दोन अटी आहेत. तिथे किमान १,५०० प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात इतरत्र न सापडणाऱ्या, वनस्पती असाव्यात आणि मूळ अधिवासापैकी किमान ७० टक्के नष्ट झालेला असावा. यात कीटकांची मोजणी कुठेच नाही. एवढे मोठे प्रदेश बेटाच्या पातळीवर फारसे उपयोगी पडत नाहीत. तिथे ‘कोणता डोंगर, कोणते रान’ हे सांगावे लागते.

बेटांवरचे कीटक वेगळे का?

समुद्र ओलांडून मोजकेच कीटक बेटावर पोहोचतात. पुढे लाखो वर्षे एकटे राहून त्यांच्यापासून नव्या जाती तयार होतात. हवाई बेटांवरील मूळच्या कीटकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जाती जगात इतरत्र नाहीत. काही जातींचा वावर तर एकाच बेटापुरता, एकाच दरीपुरता असतो.

शोध कसा घेतात?

पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातले काम याचे चांगले उदाहरण आहे. अटलांटिक महासागरातल्या या नऊ बेटांवर पंधराव्या शतकात वस्ती झाली. तेव्हापासून मूळ जंगलाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग तोडला गेला. आज तिथे बहुतेक ठिकाणी गुरांची कुरणे आणि लागवडीची झाडे दिसतात. उरलेल्या जंगलाच्या तुकड्यांत पाउलो बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी १९९९ पासून कीटक, कोळी आणि इतर संधिपाद प्राण्यांची पद्धतशीर मोजणी सुरू केली.

पद्धत साधी आहे. जंगलात १५० मीटरची रेषा आखायची. तिच्यावर ३० पेले तोंडापर्यंत जमिनीत पुरायचे. जमिनीवर चालणारे जीव त्यात पडतात. दोन आठवड्यांनी पेले काढायचे. शिवाय झाडाखाली कापड धरून फांद्या काठीने झोडपायच्या आणि खाली पडलेले जीव गोळा करायचे. महत्त्वाचे हे, की प्रत्येक ठिकाणी मेहनत सारखीच घ्यायची. नाहीतर रस्त्यालगतचे, पुन्हा पुन्हा पाहिलेले जंगल समृद्ध वाटते आणि दूरचे रान उगाच गरीब ठरते.

नुसती संख्या का फसवते?

अझोर्समधील संधिपाद प्राण्यांच्या निम्म्याहून अधिक जाती माणसाबरोबर बाहेरून आलेल्या आहेत. त्यामुळे एकूण जाती मोजल्या, तर बिघडलेली जागाही ‘श्रीमंत’ दिसू शकते. म्हणून तीन गोष्टी पाहतात. पहिली, प्रदेशनिष्ठ जाती किती. दुसरी, त्या किती दुर्मीळ आहेत. एकाच तुकड्यात उरलेल्या जातीला जास्त वजन मिळते. तिसरी, पूरकता. दोन जंगलांत त्याच वीस जाती असतील, तर दुसरे जंगल निवडून यादीत भर पडत नाही. वेगळ्या पाच जाती असलेले तिसरे जंगल जास्त मोलाचे ठरते.

या मोजपट्टीने काय हाती लागले?

सांता मारिया हे अझोर्सचे सर्वांत जुने बेट. तिथे पिको आल्तो या शिखराभोवती मूळ जंगल उरले आहे अवघे नऊ हेक्टरच्या आसपास, म्हणजे २० ते २५ एकर. नकाशावर तो ठिपकाही धड दिसत नाही. तरीही प्रदेशनिष्ठ संधिपादांच्या दृष्टीने तो संपूर्ण द्वीपसमूहातल्या सर्वांत महत्त्वाच्या तुकड्यांपैकी एक ठरला. बेट जुने असल्याने नव्या जाती तयार व्हायला तिथे जास्त काळ मिळाला. केवळ क्षेत्रफळ पाहून संरक्षण दिले असते, तर हे रान सहज सुटले असते.

घाई कशासाठी?

जंगल तुटले म्हणजे त्यातले कीटक त्याच दिवशी संपत नाहीत. उरलेल्या तुकड्यात ते काही काळ तग धरतात आणि मग हळूहळू संपतात. याला शास्त्रज्ञ ‘नामशेषतेची उधारी’ म्हणतात. अझोर्सविषयीच्या २०१० च्या अभ्यासानुसार, जंगलावर अवलंबून असलेल्या आणि आज हयात असलेल्या प्रदेशनिष्ठ संधिपादांपैकी निम्म्याहून अधिक जाती या उधारीत जाऊ शकतात. पण ती फेडायची वेळ आलेली नाही, हाच दिलासा. तुकडे राखले, परकी झाडे काढली आणि आसपास मूळ झाडे पुन्हा वाढवली, तर काही जाती वाचू शकतात. त्यासाठी आधी ते तुकडे कोणते, हे माहीत असावे लागते.