मूत्राशयाचा कर्करोग : कारखान्यापासून जनुकापर्यंत

इ. स. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी फुक्सिन रंगाच्या कारखान्यातील ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात अर्बुदे आढळल्याचे निवेदन केले. दोष धंद्यात आहे, हे त्यांनी ओळखले; परंतु पुराव्यास दीर्घ काळ लागला. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी कुत्र्यांना बीटा-नॅप्थिलअमाईन देऊन तीच व्याधी उत्पन्न केली. ब्रिटनमध्ये या द्रव्याचे उत्पादन १९४९ मध्ये थांबले. १९५४ मध्ये केस व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीने कामगारांवरील त्याचा परिणाम निर्विवाद ठरविला.

पेशीत नेमके काय बिघडते, हा प्रश्न मात्र उरलाच होता. १९८२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना मूत्राशयाच्या अर्बुदातील पेशींत एच-रास जनुकाचा दोष सापडला. बाराव्या संकेतात ग्वानिनऐवजी थायमिन येते व त्यामुळे प्रथिनात ग्लायसीनच्या जागी व्हॅलिन बसते, एवढाच तो फरक. मानवी कर्करोगजनक जनुकात ओळखले गेलेले हे पहिलेच असे उत्परिवर्तन होय.

तथापि बहुसंख्य रुग्णांत हा दोष नसतो. १९९९ मध्ये उजेडात आलेली एफजीएफआर-३ जनुकाची उत्परिवर्तने मुख्यत्वे वरवरच्या अर्बुदांत आढळतात; स्नायूंत शिरणाऱ्या अर्बुदांत टीपी-५३ चे दोष अधिक. या ज्ञानातून नवी औषधे निघाली. परंतु ब्रिटिश कामगारांना संरक्षण मिळाले ते जनुकाच्या शोधापूर्वी ३३ वर्षे, आणि रेन यांच्या इशाऱ्यानंतर तब्बल ५४ वर्षांनी. कारण टाळण्यासाठी त्याची सूक्ष्म यंत्रणा उलगडेपर्यंत थांबावे लागत नाही, हाच या इतिहासाचा बोध.