परार्थाची वाट आणि सायकल

संस्थेचा सुवर्णमहोत्सव म्हटला की पावतीपुस्तके छापली जातात, देणगीदारांच्या याद्या निघतात आणि कार्यकर्ते दारोदार हिंडू लागतात. यंदा आमच्या मंडळातील काही तरुण-तरुणींनी निराळी कल्पना मांडली. लखनौहून झाशीपर्यंत सायकलने जावे, दर किलोमीटरमागे परिचितांकडून काही रक्कम कबूल करून घ्यावी आणि तो निधी गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणास द्यावा, अशी ती कल्पना. त्यावर ज्येष्ठांपैकी काहींनी विचारले, ‘‘पैसे मागायचेच, तर सरळ मागावेत. त्यासाठी पाय झिजविण्याचे प्रयोजन काय?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

दुसऱ्यासाठी दूरची वाट चालणे मराठी माणसास अपरिचित नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले, ते घरचे कर्ज फिटावे या हेतूने. बंडाच्या वणव्यात ते झाशीत सापडले, लुटले गेले, परंतु परतताना आई-वडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊनच घरी आले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ 1907 साली प्रसिद्ध झाला. त्यात संपत्तीची प्राप्ती थोडी आणि पायपिटीचा हिशेब मोठा आहे. तरीही वाचकाच्या मनात राहते ती कावड.

ज्या मार्गाने आमचे तरुण जाऊ इच्छितात, त्याच मार्गावर काल्पी आहे. 4 एप्रिल 1858 च्या रात्री महाराणी लक्ष्मीबाई झाशीच्या किल्ल्यातून बाहेर पडल्या आणि अविश्रांत दौड करीत त्यांनी काल्पी गाठली. हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटरांचे. त्या दौडीचे सर्वजण कौतुक करतात. मात्र बिठूरास बालपणी झालेल्या अश्वारोहणाच्या अभ्यासाची आठवण फारसे कोणी काढीत नाही. प्रसंग एका रात्रीचा असतो, त्यामागील तयारी अनेक वर्षांची असते.

सायकलच्या दीर्घ प्रवासाचा आपल्याकडील मोठा अध्याय मुंबईत सुरू झाला. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण 15 ऑक्टोबर 1923 रोजी जगप्रदक्षिणेस निघाले. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा प्रवास करून त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे 18 मार्च 1928 रोजी मुंबईस परतले. एकंदर अंतर सुमारे 44,000 मैल! हे तरुण व्यायामशाळेत घडलेले होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मात्र त्यांचा हेतू साहसाचा व देशाच्या कीर्तीचा होता, निधीसंकलनाचा नव्हे.

सायकलला परार्थाचे अधिष्ठान मिळाले ते बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानात. साने गुरुजींच्या जयंतीदिनी, 24 डिसेंबर 1985 रोजी, शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने सायकलींवर निघाले. पाच हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची ही यात्रा होती. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसणेही कठीण. म्हणून ते वाहनात आडवे पडून यात्रेबरोबर होते. देशात फुटीर वृत्तींनी डोके वर काढले असता या मुलांनी गावोगावी ऐक्याचा संदेश पोहोचविला. 1988 साली इटानगर ते ओखा अशी पूर्व-पश्चिम यात्राही निघाली. येथे द्रव्यापेक्षा सद्भाव गोळा करावयाचा होता. परंतु ‘आमच्या कष्टांकडे पाहून आमचे म्हणणे ऐका’ हे सूत्र तेच.

अंतर तोडून धर्मादाय निधी उभारण्याची रीत याच काळात पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 1980 साली अवघ्या 36 सायकलस्वारांनी कर्करोगावरील संशोधन व उपचारांसाठी अशी यात्रा केली आणि दहा हजार डॉलरांहून थोडी अधिक रक्कम जमविली. पुढे तो उपक्रम मोठ्या निधीचा झरा ठरला. महाराष्ट्रात या रीतीचे ठळक उदाहरण नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी घालून दिले. 2015 साली त्यांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही पॅसिफिक किनाऱ्यापासून अटलांटिक किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरांची स्पर्धा दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. हा प्रवास त्यांनी आदिवासींच्या नेत्रोपचाराच्या कार्याशी जोडला होता. 2017 साली नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. हे तिघे डॉक्टर व एक सेनाधिकारी. आपापला व्यवसाय सांभाळून, पहाटेच्या व सुटीच्या वेळेतून ज्यांना सराव साधावा लागतो, अशा वर्गातील ही माणसे आहेत, हे आम्हां नोकरदारांस विशेष बोधप्रद वाटते.

आता तयारीविषयी दोन शब्द. फ्रान्समध्ये उगम पावलेल्या ‘ब्रेव्हे’ पद्धतीत पायऱ्या निश्चित आहेत : 200 किलोमीटरांना साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस आणि 600 ला चाळीस तास. येथे इतरांस मागे टाकावयाचे नसते. मुदतीत पोहोचावयाचे असते. लखनौ ते झाशी हे अंतर सुमारे 300 किलोमीटरांचे, म्हणजे दुसऱ्या पायरीचे. आजवर बाजारापुरती सायकल चालविणाऱ्याने प्रथम बाराबंकीपर्यंत जाऊन यावे. नंतर आठवड्याचे अंतर दशांशाने वाढवीत न्यावे. दर तीन-चार आठवड्यांनी ते कमी करून शरीरास विसावा द्यावा. आठवड्यातून एकच मोठा पल्ला असावा. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय चपळ ठेवावेत, म्हणजे गुडघे टिकतात.

शरीरातील साखरेचा साठा दीड-दोन तासांच्या नेट लावून केलेल्या श्रमांनी ओसरू लागतो. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता तासातासाला केळे, गूळ-शेंगदाणे, दशमी असे काही खात राहावे. नुसते पाणी भरमसाट प्यायल्यास रक्तातील मीठ उतरते. त्यात मीठ व साखर हवी. आपल्या या प्रांतात मे-जूनची लू आणि डिसेंबर-जानेवारीचे दाट धुके ही दोन्ही घातक आहेत. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी, हिवाळ्यात धुके विरल्यावर निघावे. दिवे, शिरस्त्राण आणि चकाकते पट्टे यांवाचून हमरस्त्यावर जाऊ नये. पंक्चर काढणे प्रत्येकास स्वतः यावे. नवी खोगीर, नवे बूट किंवा नवा खाद्यपदार्थ यांचा प्रयोग प्रत्यक्ष यात्रेच्या दिवशी करू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, या मूळ प्रश्नाकडे येऊ. हिंगण्याच्या माळावरून पुण्यास रोज पायी शिकवावयास जाणारे अण्णासाहेब कर्वे जेव्हा आश्रमासाठी झोळी पुढे करीत, तेव्हा देणाऱ्यास त्यांच्या पायांची धूळ दिसत असे. मागणाऱ्याने आधी स्वतःचे काही दिले आहे, याची ती साक्ष होती. पावतीवर केवळ सही असते. तीन महिन्यांच्या पहाटांमागे निश्चय असतो. शिवाय दर किलोमीटरमागे दान कबूल करणारा मनुष्य आपल्यावर विश्वास टाकीत असतो. सराव न करता निघून वाटेत कोसळणे म्हणजे त्या विश्वासाची उपेक्षा. या दृष्टीने सराव हा परोपकाराची पूर्वतयारी नसून त्याचा पहिला हप्ताच आहे.

तेव्हा ज्येष्ठांनी या तरुणांना अडवू नये, आणि तरुणांनी घाई करू नये. ज्यांना सायकल झेपणार नाही त्यांनी मुक्कामाच्या गावी जेवणाची, औषधोपचाराची व मागून येणाऱ्या गाडीची व्यवस्था अंगावर घ्यावी. यात्रेत तेही सहभागीच आहेत. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या आपल्या मुलांना गंगा आणि यमुना ओलांडून, काल्पीवरून झाशीस जाताना आपला इतिहास पायांखालून अनुभवता येईल, आणि एखाद्या अनोळखी मुलाच्या शाळेची फीही भरली जाईल. पन्नास वर्षांच्या संस्थेने एक्कावन्नाव्या वर्षी उचलावे असे पाऊल आम्हांस तरी याहून चांगले सुचत नाही.