व्यायामयंत्रावरील उष्मांकाचा आकडा : एका अनुमानाचा इतिहास

आधुनिक व्यायामशाळेतील ट्रेडमिलच्या पडद्यावर ‘खर्च झालेले उष्मांक’ म्हणून जो आकडा उमटतो, तो मापन नसून अनुमान असते. यंत्राला पट्ट्याचा वेग, चढ आणि फार तर वापरणाऱ्याने स्वतः भरलेले वजन एवढेच ज्ञात असते. त्याचा श्वास यंत्राने मोजलेला नसतो. असे असूनही या आकड्याला प्रयोगशाळेतील निष्कर्षाची प्रतिष्ठा कशी लाभली, आणि ते अनुमान मुळात कोणाच्या शरीरावरून बेतले गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, ही कल्पना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए याने मांडली. त्याचा सहकारी सेगँ याने मुखवटा चढवून पायाने वजन उचलण्याचे श्रम केले आणि श्रमाबरोबर प्राणवायूचा वापर वाढतो हे दाखवून दिले. लाव्हाझिएला 1794 मध्ये गिलोटिनवर चढविण्यात आले. तथापि श्रमाचे मोजमाप श्वासावरून करण्याची पद्धत तेव्हापासून रुजली.

ट्रेडमिलचे मूळ मात्र प्रयोगशाळेत नव्हे, तुरुंगात आहे. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने 1818 च्या सुमारास कैद्यांना जुंपण्यासाठी पायऱ्यांचे प्रचंड फिरते चाक योजिले. लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगातील अशा चाकावर एडवर्ड स्मिथ या वैद्याने 1850 च्या दशकात प्रयोग केले. त्यास असे आढळले की, चाकावर चढताना उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड कित्येक पटींनी वाढतो, परंतु मूत्रातील युरिया फारसा वाढत नाही. स्नायूंचे श्रम प्रथिने जाळूनच होतात, या लीबिगच्या तत्कालीन मान्यवर मताला हा मोठाच धक्का होता. स्मिथच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. समान शिक्षा भोगणाऱ्या दोन कैद्यांच्या देहावर पडणारा भार समान असतो काय, आणि तुरुंगातील आहार त्यास पुरतो काय, असे तो विचारीत होता. यंत्र एक, शरीरे निरनिराळी, ही अडचण तेव्हाच पुढे आली होती.

पुढील टप्प्यात अचूकतेने कळस गाठला. अमेरिकेतील मिडलटाउन येथे ॲटवॉटर आणि रोझा यांनी 1890 च्या दशकात माणूस दिवसेंदिवस आत राहू शकेल अशी बंदिस्त उष्मामापक खोली उभारली. आत सायकलही ठेवली जाई. खाल्लेल्या अन्नातून मिळालेली ऊर्जा आणि बाहेर पडलेली ऊर्जा यांचा ताळा तेथे सुमारे एक टक्क्याच्या आत जमला. बेनेडिक्ट आणि कॅथकार्ट यांनी 1913 मध्ये स्नायुश्रमावरील विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांचा प्रमुख प्रयोगपुरुष व्यावसायिक सायकलपटू होता. हा तपशील दुर्लक्षिण्याजोगा नाही.

सायकलीच्या बाबतीत अनुमानाला निदान भक्कम पाया आहे. पायडलवरील प्रतिरोध ज्ञात असल्याने यांत्रिक कार्य थेट मोजता येते, आणि स्नायूंची कार्यक्षमता साधारणतः 20 ते 25 टक्के असते. 100 वॅट शक्तीने तासभर पायडल मारल्यास 86 किलोकॅलरी एवढे कार्य घडते. कार्यक्षमतेनुसार प्रत्यक्ष खर्च 344 ते 430 किलोकॅलरी येतो. अनिश्चितता आहे, पण तिला मर्यादा आहे. सपाट ट्रेडमिलवर असे मोजण्याजोगे बाह्य कार्यच नसते. तेथे वेगावरून प्राणवायूचा वापर सांगणाऱ्या सरासरी समीकरणांवर भिस्त ठेवावी लागते, आणि कठडा धरून चालणाऱ्याच्या बाबतीत तीही फसतात.

या समीकरणांत विश्रांतीचा खर्च दर किलो वजनामागे मिनिटाला 3.5 मिलिलिटर प्राणवायू असा गृहीत धरलेला असतो. ही संख्या 70 किलो वजनाच्या, 40 वर्षांच्या एका पुरुषावरून आल्याचे सांगितले जाते. 2005 मध्ये 769 व्यक्तींवर झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात प्रत्यक्ष सरासरी 2.6 भरली. सुमारे 35 टक्क्यांची ही अतिशयोक्ती किती वर्षे निमूटपणे वापरात राहिली, हे पाहण्यासारखे आहे.

भारताचा संबंध येथे येतो. हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचे 1919 चे मूलचयापचयाचे समीकरण 136 पुरुष व 103 स्त्रिया यांच्यावर आधारलेले होते, आणि ती सर्व माणसे अमेरिकेतील होती. याच बेनेडिक्टने एलिनॉर मेसन यांच्यासह 1931 मध्ये दक्षिण भारतीय स्त्रियांच्या चयापचयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा दर पाश्चात्त्य प्रमाणापेक्षा स्पष्टपणे कमी आढळला. म्हणजे समीकरणाच्या मर्यादेचा पुरावा समीकरणकर्त्याच्याच हाती होता. 1985 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींसाठी वापरलेल्या माहितीतही जवळजवळ निम्मी माणसे इटालियन होती.

मनगटी उपकरणांनी हृदयगतीची भर घातली, तरी पेच सुटला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात 2017 मध्ये 60 स्वयंसेवकांवर सात उपकरणे तपासली गेली. त्यांपैकी सहांची हृदयगतीतील चूक 5 टक्क्यांच्या आत राहिली. ऊर्जाखर्चात मात्र सर्वांत चांगले उपकरणही सुमारे 27 टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. गडद त्वचेच्या व स्थूल व्यक्तींच्या बाबतीत हृदयगतीचे मापनही अधिक ढळले.

एक साधे गणित आणखी शिल्लक राहते. 70 किलो वजनाची व्यक्ती ताशी 5 किलोमीटर वेगाने अर्धा तास चालली, तर प्रचलित समीकरण सुमारे 124 किलोकॅलरी सांगते. त्यांतील 37 तिने खुर्चीत बसूनही खर्च केल्याच असत्या, असे तेच समीकरण मानते. पडद्यावर बहुधा पूर्ण आकडाच दिसतो. मधुमेह किंवा स्थूलतेमुळे आहाराचा काटेकोर हिशेब ठेवणारा माणूस तो खरा मानून तेवढेच अधिक खातो आणि महिन्याअखेरीस वजन का घटले नाही, म्हणून स्वतःच्या निग्रहाला दोष देतो.