कृष्णलीला रंगवणारे हात कोणाचे होते?

जन्माष्टमी आली की आपल्यातले काही कार्यकर्ते पहाडी शैलीतले वस्त्रहरणाचे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. कदंबावर कृष्ण, फांद्यांवर वस्त्रे, यमुनेच्या पाण्यात उघड्या उभ्या गोपी. खाली टवाळीची एक ओळ. आम्हाला हे पुरेसे वाटत नाही. कृष्णाची चिकित्सा बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये केलीच आहे. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने ते छापले तेव्हा राम-कृष्णावरच्या प्रकरणावरून किती रण माजले, हे जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. पण बाबासाहेबांनी जाब विचारला तो ग्रंथांना. वस्त्रहरणाची कथा भागवताच्या दहाव्या स्कंधातली आहे, चित्रकाराच्या डोक्यातली नाही.

मग हा चित्रकार कोण? बराच काळ या चित्रांना राजांच्या संस्थानांवरून ओळखले गेले: बसोली, गुलेर, कांगडा. जणू राजेच कुंचला धरून बसले होते! १९६८ साली कला-इतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात मांडले की शैली दरबाराची नसून चित्रकार घराण्यांची आहे. त्यांनी गुलेरचे एक घराणे शोधून काढले. बाप पंडित सेऊ, मुले मानकू आणि नैनसुख. मानकूने १७३० मध्ये गीतगोविंद रंगवले. पुढे १७८०च्या सुमारास भागवताची जी प्रसिद्ध चित्रमालिका झाली, ती याच घराण्याच्या पुढच्या पिढीची मानली जाते.

हे घराणे जातीने तरखाण, म्हणजे सुतार. आणि हे कळले कुठून? हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांतून! यजमानाची जात, गाव, वंशावळ लिहून ठेवायची आणि पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणा घ्यायची, यासाठीच त्या वह्या. १७६३ मध्ये नैनसुखने तिथे स्वहस्ते नोंद केली, सोबत चित्रही काढून दिले. दरबाराने जे नाव मागे ढकलले ते दक्षिणेच्या खातेवहीत टिकले.

कोणी म्हणेल, सुतार अस्पृश्य नव्हते. बरोबर, आम्ही त्यांना ओढूनताणून ‘आपले’ करत नाही. नैनसुख श्रद्धाळू होता, राजाश्रयावर जगत होता, हेही लपवायचे कारण नाही. त्याच्या घराण्याच्या रेषेतल्या गोडव्यामुळेच गोपींची विटंबना आज ‘शृंगार’ म्हणून खपते, ही आमची तक्रार कायम आहे. पण ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेब श्रमिकांच्या विभागणीबद्दल बोलतात, ती इथे डोळ्यांसमोर दिसते. कथा सांगण्याचा अधिकार एका वर्णाचा, चित्राचे पैसे आणि नाव दुसऱ्याचे, आणि रंग वाटून, केसाएवढ्या कुंचल्याने डोळे शिणवणारा तिसराच.

येत्या जन्माष्टमीला ते चित्र पाठवायचेच असेल तर खाली दोन गोष्टी लिहा: कथा कोणत्या ग्रंथातली, आणि हात कोणत्या जातीचे.